इंग्रजी कुणाच्या बापाची?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रोज येणारा एक पोरगा मध्यंतरी चार दिवस फिरकलाच नाही. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. एम.एस.डब्ल्यू. झालेला, पहिल्या वर्गात पास झालेला पोरगा. एका बड्या संस्थेत मुलाखतीला गेला होता. बोलता बोलता त्याने 'पॉलिसी'चा उच्चार 'पॉलिशी' असा केला. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, "विच पॉलिश? शू पॉलिश?" टेबलावरचे बाकीचे दोघेही हसले. पोरगा पुढच्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर देऊ शकला नाही. मला म्हणाला, "दादा, लिहायला समदं येतं. पण त्यांच्यासमोर तोंड उघडलं की जात उघडी पडते."

त्याचं हे वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण ते खरं आहे. आडनाव लपवता येतं, गाव लपवता येतं, जिभेवरचं वळण लपवता येत नाही. आणि त्या बाईंना बहुधा वाटत असणार की त्या फक्त इंग्रजीच्या शुद्धतेवर हसल्या. म्हणून या शुद्धतेचीच जरा झडती घेऊ या.

'पॉलिशी' म्हणजे काय झालं? 'इ'च्या आधीचा 'स' जिभेवर 'श' झाला. आपल्याकडे सिनेमाचा शिनेमा होतो, सिमेंटचं शिमिट होतं, तेच. आता इंग्रजीतले हे शब्द बघा: शुगर, शुअर, नेशन. शुगर आणि शुअर यांचं स्पेलिंग 'एस'ने सुरू होतं, उच्चार मात्र 'श'. नेशन हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'सि' होता. इंग्रज लोकांच्या जिभेवर या सगळ्यांतला 'स' पुढच्या 'य'सारख्या स्वरामुळे घसरत घसरत 'श' झाला. म्हणजे आमच्या पोराच्या जिभेने जे केलं तेच लंडनच्या जिभेने काही शतकांपूर्वी केलं होतं. त्यांनी केलं तर ती भाषेची उत्क्रांती झाली, त्याला शब्दकोशात जागा मिळाली. आमच्या पोराने केलं तर शू पॉलिश.

मित्रांनो, इंग्रजीचा इतिहास आपल्या पोरांना शाळेत कोणी शिकवत नाही. शिकवला असता तर तिचं निम्मं भय तिथेच गेलं असतं.

पाचव्या शतकात रोमन सैन्य ब्रिटनमधून निघून गेल्यावर उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून अँगल्स, सॅक्सन, ज्यूट या टोळ्या आल्या. त्यांची बोली ती इंग्रजीची आई. तिथे आधीपासून राहणाऱ्या ब्रिटन लोकांना या नव्या आलेल्यांनी काय नाव दिलं? 'वेअल्ह', म्हणजे परका. आजचा 'वेल्श' हा शब्द त्यातूनच आला. आणि पुढे याच शब्दाला 'गुलाम' असाही अर्थ चिकटला. बाहेरून आलेल्यांनी मूळच्यांना परकं ठरवायचं आणि मग परक्याला गुलाम. क्रांतिबा फुल्यांची 'गुलामगिरी' वाचलेल्या माणसाला यावर वेगळं भाष्य नको.

मग डाव उलटला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबाराची भाषा फ्रेंच झाली, चर्चची लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात, गोठ्यात आणि बाजारात. जवळजवळ तीनशे वर्षं इंग्रजी ही इंग्लंडमधल्या खालच्या माणसांची भाषा होती. तिला ना राजा विचारत होता ना धर्म. गोठ्यातल्या जनावराला 'काउ' म्हणायचं हे राखणाऱ्याकडून आलं, ताटातल्या मांसाला 'बीफ' म्हणायचं हे फ्रेंच बोलणाऱ्या धन्याकडून. शीप आणि मटन, पिग आणि पोर्क, सगळीकडे तीच गोष्ट. भाषेचे अभ्यासक सांगतील की ही विभागणी इतकी काटेकोर नव्हती, ते मान्य. पण कष्ट कोणाचे आणि ताट कोणाचं हे या जोड्या अजून सांगतात.

१३६२ साली कायदा झाला की न्यायालयात बाजू इंग्रजीत मांडावी, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. गंमत अशी की हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिला होता आणि दप्तर लॅटिनमध्येच राहणार होतं. न्यायालयाचं सगळं कामकाज इंग्रजीत यायला थेट १७३३ साल उजाडलं. स्वतःच्या देशात, स्वतःच्या कोर्टात, स्वतःच्या भाषेसाठी इंग्रजांना पावणेचारशे वर्षं वाट पाहावी लागली.

धर्माची कथा तर आणखी ओळखीची. जॉन विक्लिफच्या प्रेरणेने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बायबल इंग्रजीत आलं. सामान्य माणसाच्या हाती ग्रंथ गेला तर मध्यस्थाचं काय, हा प्रश्न तिथल्या धर्माधिकाऱ्यांनाही पडला. विक्लिफ मेल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी, १४२८ साली, त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. विल्यम टिंडेलने पुन्हा भाषांतर केलं, तर १५३६ साली त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. ज्या भाषेत देव बोलूच शकत नाही असं एकेकाळी मानलं जात होतं ती ही भाषा. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओतायला सांगणारी धर्मसूत्रं आपल्याला परकी नाहीत, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत का गेल्या हेही आपल्याला माहीत आहे. ज्ञानाच्या भाषेला कुंपण घालणारे लोक सगळीकडे सारखेच असतात.

आणि शुद्धता? इंग्रजीइतकी भेसळ झालेली भाषा शोधून सापडायची नाही. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंसुद्धा तिने व्हायकिंग आक्रमकांकडून घेतली. सर्वनामं उसनी घेणारी भाषा! तिचे निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून आले. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांनी सरळ स्पेलिंगं वाकडी केली. 'डेट', म्हणजे कर्ज, या शब्दात पूर्वी 'बी' नव्हता, उच्चारातही नव्हता आणि लिहिण्यातही नव्हता. मूळ लॅटिन शब्दात 'बी' आहे एवढ्यासाठी तो कोंबला. त्या एका मुक्या अक्षरासाठी आपल्या किती पोरांनी हातावर छड्या खाल्ल्या असतील त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आज आपल्याला जे 'खरं' ब्रिटिश इंग्रजी म्हणून ऐकवलं जातं तो मुळात महागड्या निवासी शाळांतून तयार झालेला एका वर्गाचा उच्चार आहे. ब्रिटनमधलेच बहुसंख्य लोक तसं बोलत नाहीत. बीबीसीने तो उच्चार रेडिओवरून घराघरांत पोचवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं तर ओरड झाली. त्याच्या वळणाने वाचलेली बातमी खरी वाटत नाही, अशी तक्रार होती. बातमी तीच, जीभ कष्टकऱ्यांच्या मुलखातली, एवढाच काय तो गुन्हा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा विषयही हाच. पुलंनी त्याचं 'ती फुलराणी' केलं, आपण टाळ्या वाजवल्या. त्या नाटकात फुलवालीने 'शुद्ध' बोलायला शिकायचं असतं. प्राध्यापकाने फुलवालीची भाषा शिकावी असं कोणालाच वाटत नाही.

इंग्रजी जगभर पसरली ती काही गोड आहे म्हणून नाही. जहाजं, तोफा, ऊस, कापूस आणि माणसांचा बाजार यांच्या जोरावर पसरली. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांची स्वतःची भाषा तोडली आणि इंग्रजी लादली, पण लिहायला-वाचायला मात्र बंदी. साउथ कॅरोलायनात १७४० सालीच गुलामांना लिहायला शिकवण्याविरुद्ध कायदा झाला. हुकूम कळण्यापुरती भाषा द्यायची आणि अक्षर द्यायचं नाही. फ्रेडरिक डग्लस लहान असताना बाल्टिमोरमधल्या मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली, तर मालकाने ते बंद पाडलं. गुलाम वाचायला शिकला की गुलाम राहत नाही, हे मालकाला पक्कं कळत होतं. डग्लसने मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं मिळवली. १८४५ साली त्याचं आत्मचरित्र छापून आलं, त्याच मालकाच्या भाषेत. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती १८७३ साली. हा धागा आपला आहे.

या काळ्या माणसांनी इंग्रजी नुसती उचलली नाही, तिची घडण बदलली. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतल्या इंग्रजीला स्वतःचं व्याकरण आहे. 'ही वर्किंग' म्हटलं तर तो आत्ता काम करतोय, 'ही बी वर्किंग' म्हटलं तर तो नेहमी काम करत असतो. हा फरक एका छोट्या 'बी'ने दाखवण्याची सोय प्रमाण इंग्रजीत नाही. तरी शाळांनी ती 'मोडकी' ठरवली आणि ती बोलणारी मुलं मंदबुद्धी. १९७७ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या काळ्या मुलांच्या पालकांनी कोर्टात धाव घेतली. शाळेचं नाव मार्टिन ल्यूथर किंग, आणि तिथेच हा प्रकार! न्यायाधीशांनी निकाल दिला की मुलांच्या घरची भाषा लक्षात घेऊनच शाळेने वाचायला शिकवलं पाहिजे. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने हाच विचार ठरावात मांडला, तर देशभर टवाळी झाली. भाषाशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढच्याच महिन्यात ठराव करून सांगितलं की ही बोली नियमबद्ध आहे, मोडकी नाही. टवाळी करणाऱ्यांनी तो ठराव वाचला नाही, हे सांगायला नको.

हे फक्त शाळेपुरतं राहत नाही. २०१३ साली फ्लोरिडात एका निःशस्त्र काळ्या पोराला गोळी घालणाऱ्याचा खटला चालला. पोराच्या शेवटच्या क्षणी फोनवर त्याच्याशी बोलत असलेली मुलगी मुख्य साक्षीदार होती. तिने तिच्या बोलीत साक्ष दिली. आरोपी सुटला. नंतर एका ज्युरी सदस्याने सांगितलं की त्या मुलीचं बोलणं समजायला कठीण गेलं. आता आपल्याकडे या. अत्याचाराच्या प्रकरणात वस्तीतली आई पोलीस ठाण्यात जाऊन तिच्या बोलीत सांगते. हवालदार त्याची 'प्रमाण' मराठी करतो. राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत, म्हणून पुढे त्या मराठीची इंग्रजी होते. तिच्या तोंडातला शब्द न्यायमूर्तींच्या टेबलावर पोचेपर्यंत दोनदा धुतलेला असतो. अ‍ॅट्रॉसिटीची प्रकरणं हाताळणाऱ्या कार्यकर्त्यांनी फिर्यादीचा कागद आणि तिचं मूळ बोलणं शेजारी ठेवून कधी तरी पाहावं.

इंग्रजीला जात नाही, असं आपल्यातलेच काही जण भाबडेपणाने म्हणतात. इंग्रजीचा शब्दकोश उघडा. विद्वान, जाणकार म्हणून 'पंडिट'. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या खानदानी घराण्यांना 'ब्राह्मिन', तेही अभिमानाने. आणि वाळीत टाकलेल्या, तिरस्करणीय माणसाला 'परिया'. हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर या अस्पृश्य समाजाच्या नावावरून उचललेला आहे. जगातली वर्तमानपत्रं आजही एखाद्या बदनाम देशाला 'परिया स्टेट' लिहितात, कोणाला काही टोचत नाही. साहेब इथे आला, त्याने शब्द गोळा केले आणि त्या शब्दांच्या पोटातला मनुही सोबत नेला. 'दलित' हा शब्दही आता इंग्रजी शब्दकोशांत आहे. फरक एवढाच की तो साहेबाने नेलेला नाही, आपल्या चळवळीने तिथे नेऊन ठेवला.

आता मेकॉले. २ फेब्रुवारी १८३५ च्या त्याच्या टिपणावरून सनातनी मंडळी त्याला शिव्या घालतात. उलट बाजूला चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे दलित विचारवंत त्याची जयंती साजरी करतात. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात त्यांनी २०१० साली इंग्रजी देवीच्या मंदिराची कल्पना मांडली. संगणकावर उभी, हातात पेन घेतलेली देवी. त्यामागची चीड मला समजते, डिवचण्याची मजाही समजते. पण मला ते पटत नाही. एक तर बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर नवी देवी कशाला? दुसरं म्हणजे मेकॉलेने इंग्रजी आपल्यासाठी आणलीच नव्हती. त्याला सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये उभा राहील असा मूठभरांचा वर्ग हवा होता. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असं ते धोरण. ते झिरपलं नाही, वरच अडवलं गेलं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तर मुंबई सरकारने तो मिळू दिला नाही. इंग्रज सरकार, इंग्रजांचा पैसा, आणि दारावर पहारा आपल्याच गावच्या जातीचा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच सुनावलं: कर शेतकऱ्याच्या घामातून घेता आणि शिक्षण वरच्यांना देता.

मात्र त्याच जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून टॉमस पेन वाचला. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितलं. म्हणजे ती कोणी आणि कशासाठी आणली हे पूर्ण ओळखून त्यांनी ती स्वतःच्या कामाला जुंपली. बाबासाहेबांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. 'देवभाषे'ने दार लावलं. इंग्रजीने 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहू दिलं, १९४६ साली अमेरिकेतल्या डू बॉइस यांच्याशी पत्राने बोलू दिलं. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' लाहोरच्या श्रोत्यांसाठी होतं, म्हणून इंग्रजीत. 'मूकनायक' इथल्या मुक्या माणसांसाठी होता, म्हणून मराठीत. नागपूरला दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. कोणत्या माणसाशी बोलायचं आहे यावर त्यांची भाषा ठरत होती, भाषेच्या प्रतिष्ठेवर नव्हे.

"मातृभाषेतूनच शिका" असा सल्ला देणाऱ्यांना मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत? उत्तर देताना विषय बदलतो. मातृभाषेतून मूल लवकर शिकतं हे खरं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण दक्षिण आफ्रिका विसरू नका. तिथल्या वर्णद्वेषी सरकारने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याखाली काळ्या मुलांवर मातृभाषेतलं शिक्षण लादलं. संस्कृती जपायला नव्हे, काळ्यांनी मजुरीपलीकडे बघू नये म्हणून. पुढे माध्यमिक वर्गांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती केली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या पोरांना आफ्रिकान्स नको होती, कारण ती पोलिसाची आणि मालकाची भाषा होती. इंग्रजी त्यांना चालत होती, कारण तिच्यातून बाहेरचं जग दिसत होतं. महाराष्ट्रात २००० सालापासून सरकारी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. कागदावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवणारा माणूस आहे का, हा आपल्या आंदोलनाचा मुद्दा व्हायला हवा. मराठी विरुद्ध इंग्रजी हे भांडण ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांनी खुशाल करत बसावं.

भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८५ साली जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका वगैरे, ते नियम देतात. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर. त्याच्याही बाहेर इतर, ते नियम पाळतात. मला ते चित्र पाहून गावगाडाच आठवला. कचरूंना अन्याय दाखवायचा नव्हता असं नाही, बाहेरच्या वर्तुळातल्यांची इंग्रजी त्यांची स्वतःची आहे हेच ते आयुष्यभर सांगत राहिले. पण सत्ता अजून आतच आहे. ब्रिटनच्या व्हिसा नियमांतल्या इंग्रजीभाषक देशांच्या यादीत भारतही नाही आणि नायजेरियाही नाही. ज्या देशाचं सर्वोच्च न्यायालय इंग्रजीत चालतं, तिथल्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊ पाहणाऱ्या पोराला हजारो रुपये भरून इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते.

यावर कोणी म्हणेल, मग व्याकरण शिकायचंच नाही का? शिकायचं. कसून शिकायचं. बाबासाहेबांच्या इंग्रजीत बोट ठेवायला जागा नाही. अर्ज, निवेदन, शोधनिबंध, याचिका यांत प्रमाण इंग्रजीच लागते आणि ती यायलाच हवी, जशी मोर्चाला परवानगी काढायला सरकारी मराठी लागते. मी म्हणतो आहे ते उच्चाराबद्दल, वळणाबद्दल आणि त्यावरून माणसाची लायकी ठरवण्याबद्दल. आणि इथे थोडं आपल्या घरातही बघू. आपल्यातल्याच नोकरदार घरांतली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली पोरं वस्तीतल्या पोरांच्या इंग्रजीवर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये हसणाऱ्या इमोजी टाकतात. चळवळीच्या ग्रुपमध्ये! एका कार्यकर्त्याने इंग्रजीत पोस्ट लिहिली, मुद्दा चोख होता, तर आपल्याच एका ताईंनी फक्त स्पेलिंग दुरुस्त करून पाठवलं, मुद्द्यावर एक अक्षर नाही. त्या मुलाखतीतल्या बाई आणि आपण यांत मग अंतर किती राहिलं?

तो पोरगा आता परत अभ्यासिकेत येतो आहे. आम्ही रविवारी सकाळी नऊ वाजता, वंदना झाल्यावर, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मोठ्याने वाचायला सुरुवात केली आहे. प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा, स्वतःच्या उच्चारात. मध्ये कोणी कोणाचा उच्चार दुरुस्त करायचा नाही, एवढा एकच नियम. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून अर्थ लावायचा. पहिल्या रविवारी सात जण होते, मागच्या रविवारी एकोणीस. 'सोसायटी'चं 'सोशायटी' अजून होतं. वाचन त्यामुळे एकदाही थांबलेलं नाही.

जय भीम!